कायद्याची खतावणी

1934 सालचा डिसेंबर महिना. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला तेव्हा स्वतःची इमारतही नव्हती. वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमधील एका जुन्या दालनात न्यायमूर्ती बसत. त्यांच्यापुढे टेक्ससच्या तेलविहिरींचा खटला चालला होता. मंदीचे दिवस. तेलाचा भाव मातीमोल होऊ नये म्हणून कोणी किती तेल उपसावे ह्यावर मर्यादा आली होती आणि ती ओलांडणे हा अध्यक्ष रूझवेल्ट ह्यांच्या सरकारने मंजूर केलेल्या नियमसंहितेखाली गुन्हा होता. त्या नियमाखाली लोकांवर आरोप ठेवले गेले, खालच्या कोर्टांत वकिलांनी तासन्‌तास युक्तिवाद केले, न्यायाधीशांनी निकाल दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या पायरीशी आले तेव्हा सरकारी वकिलांनी मूळ कागद काढून पाहिले. पाहतात तो काय, ज्या परिच्छेदाच्या जोरावर हे सारे चालले होते, तो परिच्छेद अस्तित्वातच नव्हता!

झाले होते ते एवढेच. 1933 च्या सप्टेंबरात त्या संहितेत एक दुरुस्ती करण्यात आली. ती करताना कोणाच्या तरी नजरचुकीने गुन्ह्याचा मूळ परिच्छेद गळून पडला. वर्ष उलटले तरी ही गोष्ट ना आरोपीला कळली, ना फिर्यादीला, ना न्यायाधीशाला. कळणार तरी कशी? असे हुकूम एका ठिकाणी छापण्याची सोयच त्या देशात नव्हती. न्यायमूर्ती ब्रँडाइस ह्यांनी विचारले, की हे हुकूम माणसाला कळतात तरी कसे? तेल कंपनीच्या वकिलाने सांगितले, की आपण त्याची एकच प्रत पाहिली आणि ती एका सरकारी माणसाच्या पँटच्या मागल्या खिशात होती!

आपल्याकडे सरकारी ‘गॅझेट’ तेव्हाही जुनेच झाले होते. पण जगातल्या सर्वांत श्रीमंत लोकशाहीला ते नव्हते. ह्या फजितीनंतर मात्र चक्रे भराभर फिरली. 1935 च्या जुलैत कायदा झाला आणि 14 मार्च 1936 रोजी ‘फेडरल रजिस्टर’ ह्या सरकारी दैनिकाचा पहिला अंक निघाला. त्यात छापल्यावाचून असा कोणताही हुकूम सामान्य माणसावर लागू होईना.

‘कायदा मला ठाऊक नव्हता’ ही सबब कोणत्याही कोर्टात चालत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. पण ह्या नियमाला दुसरी बाजू आहे. प्रजेने कायदा जाणावा अशी सक्ती करायची, तर तो तिला सापडेल अशा ठिकाणी, सापडेल अशा क्रमाने मांडून ठेवणे हे राज्याचे देणे ठरते. अमेरिकेत एक मध्यवर्ती सरकार आणि पन्नास राज्ये. एकूण एकावन्न विधिमंडळे अहोरात्र कायदे प्रसवत असतात. हा पसारा त्यांनी कसा लावला, लावताना कोठे हात चुकला आणि त्या चुकीपायी कोणाच्या मानेला फास लागण्याची वेळ आली, ही कथा मोठी रंजक आहे आणि थोडी भयावहही आहे.

रोजकीर्द आणि खतावणी

लक्ष्मीपूजनाला आपल्या पेढ्यांवर वह्यांची पूजा होते. त्या वह्यांत दोन मुख्य. एक रोजकीर्द. तीत दिवसाचा व्यवहार जसा घडला तसा, त्याच क्रमाने लिहायचा. सकाळी गूळ विकला, दुपारी भाडे दिले, संध्याकाळी उधारी आली, एकाखाली एक. दुसरी खतावणी. तीत हेच व्यवहार खातेवार लावायचे. गुळाचे सारे गुळाच्या पानावर, भाड्याचे भाड्याच्या पानावर. रोजकीर्द सत्य सांगते, पण तीत काही शोधायचे म्हणजे डोळे फुटतात. खतावणीत चटकन सापडते; पण ती उतरवून घेतलेली असल्यामुळे उतरवताना चूक होऊ शकते. दोहोंत तफावत पडली, तर मुनीम कोणत्या वहीवर विसंबतो? अर्थात रोजकीर्दीवर.

अमेरिकेच्या कायद्याची सारी व्यवस्था ह्या दोन वह्यांत सामावलेली आहे.

उदाहरणार्थ, काळ्या लोकांना हॉटेलांत, चित्रपटगृहांत आणि नोकरीत समान वागणूक देणारा 1964 चा प्रसिद्ध नागरी हक्क कायदा घ्या. 2 जुलै 1964 रोजी अध्यक्ष जॉन्सन ह्यांनी त्यावर सही केली. सही होताच कायद्याला क्रमांक मिळाला: 88-352. म्हणजे 88 व्या काँग्रेसचा 352 वा सार्वजनिक कायदा. (काँग्रेस म्हणजे तिकडची संसद, दर दोन वर्षांनी तिचा क्रमांक एकाने वाढतो.) प्रथम तो सुट्या पुस्तिकेच्या रूपाने छापला गेला. ही झाली पावती. मग तो ‘स्टॅट्यूट्स ॲट लार्ज’ ह्या ग्रंथमालेच्या 78 व्या खंडात पान 241 पासून दाखल झाला. ही झाली रोजकीर्द. काँग्रेसने जे केले ते, ज्या दिवशी केले त्या क्रमाने, एका अक्षराचाही फरक न करता.

आता खतावणी. तिचे नाव ‘युनायटेड स्टेट्स कोड’. तिच्यात विषयवार खाती आहेत. त्यांना ‘टायटल’ म्हणतात. 8 वे खाते परदेशी लोक आणि नागरिकत्व ह्यांचे, 11 वे दिवाळखोरीचे, 18 वे गुन्ह्यांचे, 26 वे करांचे, 35 वे पेटंटांचे. नागरी हक्क कायदा रोजकीर्दीत सलग आहे. खतावणीत मात्र त्याचे तुकडे झाले. हॉटेलांविषयीचा भाग 42 व्या खात्यात कलम 2000-ए पासून गेला, नोकरीविषयीचा 2000-ई पासून. मतदानाविषयीचा भागही आधी 42 मध्येच होता; 2014 साली मतदानाचे स्वतंत्र 52 वे खाते उघडले, तेव्हा तो उचलून तिकडे नेण्यात आला.

ही ‘2000-ई’ काय भानगड, असे वाचकांना वाटेल. चाळीतल्या बाराव्या आणि तेराव्या खोलीच्या मध्ये मालकाने आणखी खोल्या काढल्या म्हणजे त्यांना 12-अ, 12-ब म्हणावे लागते, तसेच हे. जुने क्रमांक हलवावेत तर हजारो निकालपत्रांतले हवाले खोटे पडतात. म्हणून नवी कलमे अक्षरांच्या आधाराने मधल्या फटीत बसवतात. लसींविषयीची काही कलमे तर 300-एए-1 अशा पत्त्यावर राहतात!

एकदा हात पोळला

ही खतावणी एका रात्रीत झाली नाही. 1845 पर्यंत काँग्रेसचे कायदे नीट क्रमाने मिळण्याचीही मारामार होती. त्या वर्षी काँग्रेसच्या परवानगीने बोस्टनच्या लिटल, ब्राउन ह्या प्रकाशनसंस्थेने रोजकीर्द छापायला घेतली. 1874 पासून ते काम सरकारी छापखान्याकडे आले. पण तोवर पाऊणशे वर्षांचे कायदे साचले होते. कोणता जिवंत, कोणता रद्द, कोणता अर्धा कापलेला, हे सांगणे वकिलांनाही जड जाई.

म्हणून 1866 साली तीन जणांचे मंडळ नेमले गेले. बरीच वर्षे खपून, माणसे बदलून, मसुदा फिरवून अखेर 22 जून 1874 रोजी ‘रिव्हाइज्ड स्टॅट्यूट्स’ हा ग्रंथ काँग्रेसने कायदा म्हणूनच मंजूर केला आणि त्यात जे जे आले, त्याचे जुने मूळ कायदे रद्द केले. म्हणजे नवी खतावणी तयार होताच जुनी रोजकीर्द बाद केली! मग एकेक चूक उघडी पडू लागली. 1875 मध्ये दुरुस्तीचा कायदा करावा लागला, 1877 मध्ये आणखी एक. 1878 साली सुधारलेली आवृत्ती काढावी लागली.

ह्या अनुभवाने काँग्रेस अशी हबकली, की पुढचे धाडस करायला तिला जवळजवळ अर्धे शतक लागले. 30 जून 1926 रोजी आजचा ‘कोड’ मंजूर झाला. पन्नास खाती, एका जाडजूड खंडात. पण ह्या वेळी ती सावध होती. मूळ कायदे तिने रद्द केले नाहीत. कोड हा कायद्याचा प्रथमदर्शनी पुरावा समजावा, मात्र मूळ कायद्याशी विरोध आल्यास मूळ कायदा खरा, असे तिने ठरवले.

पुढे एकेक खाते नीट तपासून, शुद्ध करून काँग्रेसपुढे ठेवायचे आणि तिने ते स्वतः कायदा म्हणून मंजूर करायचे, अशी पद्धत पडली. असे झाले की त्या खात्यापुरती खतावणी हाच मूळ कायदा होतो. आज एकूण 54 क्रमांक आहेत. त्यांपैकी 53 वा रिकामाच राखून ठेवला आहे. 27 खाती अशी शिक्कामोर्तब झालेली आहेत, बाकीची नाहीत. हे काम काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहाचे एक छोटे कार्यालय 1974 पासून पाहते. दर सहा वर्षांनी कोडची नवी आवृत्ती, मधल्या वर्षांत पुरवण्या, असा क्रम आहे.

तांत्रिक बाब म्हणून हा भेद कोणी सोडून देईल. पण त्याच भेदावर एकदा एका माणसाचा जीव लोंबकळत होता.

फाशी, अवतरणचिन्ह आणि सोळा शब्द

दुसऱ्या महायुद्धात डेट्रॉइट शहरात जर्मनीत जन्मलेला एक उपाहारगृहवाला राहत असे, नागरिकत्व अमेरिकेचे. 1942 साली कॅनडातल्या युद्धकैद्यांच्या छावणीतून निसटलेला एक जर्मन वैमानिक त्याच्याकडे येऊन पोहोचला. ह्याने त्याला खाऊपिऊ घातले, पैसे दिले, पुढच्या प्रवासाला लावून दिले. देशद्रोहाचा खटला झाला आणि फाशीची शिक्षा झाली. वरचे अपीलही फेटाळले गेले. तेव्हा त्याच्या वकिलांनी कोड उघडला. 18 व्या खात्यात एक कलम स्पष्ट छापलेले होते: मृत्युदंड झालेल्याला थेट सर्वोच्च न्यायालयात अपील करण्याचा हक्क आहे. बुडत्याला काडी सापडली!

पण न्यायालयाने 1943 साली रोजकीर्द काढून पाहिली. हा हक्क 1889 च्या कायद्याने दिला होता खरा. पण 1911 च्या कायद्याने तो रद्द झाला होता. कोडच्या संकलकांनी ते मेलेले कलम चुकून जिवंत म्हणून छापले होते. न्यायालय म्हणाले, दोहोंत विरोध आला की मूळ कायदाच वरचढ. सरकारी ग्रंथात छापलेल्या हक्काला काडीची किंमत उरली नाही. अखेर अध्यक्ष रूझवेल्ट ह्यांनी फाशी रद्द करून जन्मठेप दिली, म्हणून तो वाचला. त्याला कायद्याने नव्हे, दयेने वाचवले.

दुसरी हकीकत नेमकी उलटी. तेथे जिवंत कलमाला मेलेले ठरवण्यात आले. 1916 च्या एका कायद्याने पाच हजारांहून कमी वस्तीच्या गावातल्या राष्ट्रीय बँकांना विमा विकण्याची मुभा दिली होती. कोडच्या 1952 च्या आवृत्तीपासून ते कलम गाळण्यात आले आणि ‘1918 साली रद्द’ अशी टीप तेथे पडली. पण बँका, सरकारी खाती, इतकेच काय, स्वतः काँग्रेस, सारे ते कलम चालू असल्याचे धरून वागत राहिले! ओरेगन राज्यातल्या एका बँकेने ‘बँक्स’ नावाच्याच चिमुकल्या गावातील शाखेतून विमा विकण्याचे ठरवले, तेव्हा विमा एजंटांच्या संघटना कोर्टात गेल्या आणि मधल्या न्यायालयाने स्वतःहून हा मुद्दा उपस्थित केला: कलम मुळात आहे का?

सर्वोच्च न्यायालयाने 1993 साली ह्या कोड्याचा जो उलगडा केला, तो एखाद्या गुप्तहेरकथेत शोभावा. 1916 च्या कायद्यात अवतरणचिन्हे चुकीच्या जागी पडली होती! त्या चिन्हांमुळे हे कलम एका जुन्या कायद्याच्या पोटात असल्यासारखे दिसत होते आणि 1918 मध्ये तो जुना कायदा नव्याने लिहिला गेला तेव्हा त्याच्याबरोबर हेही बुडाले असा समज झाला. न्यायमूर्ती सूटर ह्यांनी सबंध कायद्याची रचना, त्याचा विषय, त्याची वाक्ये तपासून दाखवून दिले, की चिन्हे लेखनिकाच्या हातून भलतीकडे गेली. कलम दुसऱ्याच कायद्यातले होते आणि म्हणून जिवंत होते. नऊही न्यायमूर्तींचे एकमत झाले. चाळीस वर्षे सरकारी ग्रंथाने ज्याचे श्राद्ध घातले होते, तो धडधाकट घरी परतला.

तिसरी हकीकत अजून संपलेली नाही. यादवी युद्धानंतर दक्षिणेत ‘कू क्लक्स क्लॅन’ने काळ्या लोकांचा छळ मांडला आणि राज्यांचे अधिकारी डोळे मिटून बसले. तेव्हा 1871 साली अध्यक्ष ग्रँट ह्यांच्या सहीने एक कायदा झाला: राज्याच्या सत्तेच्या आडून जो कोणी दुसऱ्याचे घटनादत्त हक्क हिरावून घेईल, त्याच्यावर नुकसानभरपाईचा दावा करता येईल. पोलिसांच्या जुलमाविरुद्ध अमेरिकन नागरिक आजही ह्याच कलमाखाली कोर्टात जातो. कोडात त्याचा पत्ता 42 वे खाते, कलम 1983. पण गेली कित्येक दशके तेथली न्यायालये अधिकाऱ्यांना एक कवच देत आली आहेत. कृत्य उघड उघड प्रस्थापित हक्काच्या विरुद्ध नसेल, तर अधिकारी भरपाईतून सुटतो. कायद्यात असे कवच कोठे लिहिलेले नाही. पण जुन्या प्रथेने ते होतेच आणि काँग्रेसने ते काढल्याचे दिसत नाही, असा त्यामागचा युक्तिवाद.

2023 साली अलेक्झांडर राइनर्ट ह्या कायद्याच्या प्राध्यापकांनी 1871 चा मूळ पाठ पुढे ठेवला. त्यात सोळा इंग्रजी शब्द असे होते, जे आजच्या कोडात नाहीत. त्यांचा आशय असा, की राज्याचा कोणताही कायदा, नियम, प्रथा वा वहिवाट ह्याच्या विरुद्ध असली तरी ही जबाबदारी राहील. हे शब्द काँग्रेसने रद्द केले नव्हते. 1874 च्या त्या खतावणीत उतरवताना ते गळून पडले होते! त्याच वर्षी एका संघीय अपील न्यायालयापुढे टेक्ससच्या तुरुंगातील एका कैद्याचे प्रकरण होते. कामावर असताना छत डोक्यावर कोसळून तो जखमी झाला होता. न्यायाधीश डॉन विलेट ह्यांनी ह्या हरवलेल्या शब्दांची दखल घेऊन स्वतंत्र मत लिहिले. पण कनिष्ठ न्यायालय सर्वोच्च न्यायालयाच्या पूर्वनिर्णयांनी बांधलेले, कैदी हरलाच. ह्या शब्दांचे मोल काय, हे ठरवणे सर्वोच्च न्यायालयाचे काम आहे, असे विलेट ह्यांनी म्हटले. दीडशे वर्षांपूर्वी कोणा नकलकाराच्या लेखणीखालून सटकलेल्या ओळीचा शोध लागतो आणि ज्यांना तिचा आधार मिळाला असता, अशा कितीतरी पिढ्या मात्र निघून गेलेल्या असतात.

पन्नास घरे, पन्नास रीती

हे झाले मध्यवर्ती कायद्यांचे. पण लग्न, वारसा, घरभाडे, रस्त्यावरची वाहतूक, चोरी, खून ह्या रोजच्या जगण्यातल्या गोष्टी तिकडे मुख्यतः राज्यांच्या हाती. प्रत्येक राज्याची रोजकीर्द निराळी, खतावणीही निराळी. कॅलिफोर्नियात विषयांच्या नावांनी 29 संहिता आहेत; कुटुंबाची वेगळी, कामगारांची वेगळी, मासेमारी आणि शिकारीचीही वेगळी. तेथे नुसता कलमाचा आकडा सांगून भागत नाही, आधी संहितेचे नाव सांगावे लागते. न्यू यॉर्क तसेच नावांनी चालते; इतर अनेक राज्ये नुसत्या आकड्यांनी. लुइझियाना एके काळी फ्रान्स आणि स्पेन ह्यांच्या ताब्यात असल्यामुळे तिची दिवाणी संहिता युरोपच्या वळणाची.

राज्यांच्या संहितांची गोष्ट सांगताना एका माणसाचे नाव घेतलेच पाहिजे, कारण त्याचा धागा थेट आपल्या कोर्टांपर्यंत येतो. न्यू यॉर्कचे वकील डेव्हिड डडली फील्ड. मोठ्या कर्तबगार भावंडांपैकी एक. अटलांटिक महासागराच्या तळाशी तारायंत्राची दोरी टाकण्यासाठी झटणारे सायरस फील्ड हे त्यांचे बंधू, आणि दुसरे बंधू स्टीफन हे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. कायदा निकालपत्रांच्या ढिगाऱ्यात दडलेला नसावा, साध्या कलमांत लिहिलेला असावा, हा डेव्हिड फील्ड ह्यांचा ध्यास. त्यांची दिवाणी कार्यपद्धतीची संहिता न्यू यॉर्कने 1848 साली स्वीकारली आणि ती अनेक राज्यांनी उचलली. पण त्यांच्या दिवाणी संहितेला न्यू यॉर्कच्या वकीलवर्गातून असा कडवा विरोध झाला, की विधिमंडळाने मंजूर केल्यावरही गव्हर्नरांच्या नकाराने ती अडली. घरच्यांनी नाकारलेली ही लेक बाहेर मात्र नांदली. डाकोटाने ती घेतली, 1872 साली कॅलिफोर्नियाने घेतली. आणि त्याच सुमारास सात समुद्रांपलीकडे हिंदुस्थानचे कायदे घडवणाऱ्या इंग्रजांच्या मेजावरही ती जाऊन पोहोचली. आपल्या 1872 च्या करार कायद्याची काही कलमे घडवताना हा न्यू यॉर्कचा मसुदा पुढे ठेवला गेला, आणि 1877 च्या विशिष्ट अनुतोष कायद्यावर तर त्याची छाप फारच गडद होती. त्या कायद्याची जागा 1963 च्या कायद्याने घेतली. करार कायदा आजही चालू आहे. मुंबई-पुण्याच्या कोर्टात घराच्या साठेखतावरून भांडणाऱ्या पक्षकारांना ह्या न्यू यॉर्कच्या वकिलाचे नावही ठाऊक नसेल!

कायदा शोधावा कसा?

आता प्रत्यक्ष शोधाकडे वळू. त्यासाठी आपल्या परिचयाचेच उदाहरण घेऊ. आपल्या ओळखीत एखाद्या तरी घरचा मुलगा किंवा मुलगी ‘एच-वन-बी’वर तिकडे असते. हे नाव कोठून आले, हे कितीजणांना ठाऊक आहे? तो एक पत्ता आहे! 1952 च्या परदेशगमन व नागरिकत्व कायद्याचे कलम 101, त्याचे पोटकलम ए, त्यातला 15 वा परिच्छेद, त्यातला एच, त्यातला रोमन एक, त्यातला बी. विद्यार्थ्यांचा ‘एफ-वन’ही त्याच परिच्छेदात थोडा वर राहतो. निवृत्तिवेतनाची ‘401-के’ म्हणून जी बचत तिकडची मुले सांगतात, तीही कर-संहितेतल्या 401 व्या कलमाच्या के ह्या पोटकलमाचेच नाव.

पण कोड उघडून 101 कलम शोधू गेलात तर फसाल. कोडात तेच कलम 8 व्या खात्यात 1101 ह्या क्रमांकाने आहे. कारण 8 वे खाते अजून शिक्कामोर्तब झालेले नाही. म्हणून मूळ कायद्याचे आकडे आणि खतावणीचे आकडे, दोन्ही नांदतात. वकील बोलताना 101 म्हणतो, लिहिताना 1101 लिहितो.

जाणकार ग्रंथपाल सांगतात तो क्रम साधारण असा. प्रथम विषय कोणाच्या अखत्यारीतला ते ठरवा: मध्यवर्ती की राज्याचा? व्हिसाचा प्रश्न मध्यवर्ती; घरमालकाने अनामत परत न देण्याचा प्रश्न राज्याचा. मग कायद्याचे बोलीतले नाव माहीत असेल, तर प्रचलित नावांची सूची पाहा. ‘शेर्मन कायदा’ म्हटले, की ती 15 व्या खात्याच्या आरंभाचा पत्ता देते. नाव ठाऊक नसेल तर विषयसूची पाहा. कलम सापडले, तरी एकटे वाचू नका. त्या प्रकरणाच्या आरंभी व्याख्या दिलेल्या असतात. ‘नोकर’ म्हणजे कोण आणि ‘घर’ म्हणजे काय, हे तेथे ठरते. मग कलमाखालचा इतिहास वाचा: केव्हा झाले, केव्हा बदलले, अमलात केव्हा आले.

एवढ्याने झाले असे नाही. कलमाचा अर्थ न्यायालयांनी काय लावला, की ते रद्दच ठरवले, हे कोरड्या कोडात नसते. त्यासाठी सटीप संहिता असतात. प्रत्येक कलमाखाली त्यावरच्या निकालांचे सार दिलेले असते. मध्यवर्ती कायद्याची अशी पहिली मोठी मालिका 1927 मध्ये निघू लागली. ह्या पुस्तकांची एक गंमत अशी, की मागल्या पुठ्ठ्याला आतून एक खिसा असतो. दर वर्षी नव्या दुरुस्त्यांची पुस्तिका येते आणि त्या खिशात सरकवली जाते. खिसा न पाहता कलम वाचणारा वकील म्हणजे पंचांग न बदलता मुहूर्त काढणारा जोशी! निकाल अजून टिकून आहे की उलटला, हे पाहण्यासाठी शिकागोच्या फ्रँक शेपर्ड ह्यांनी 1873 पासून डिंक लावलेल्या चिठ्ठ्या विकायला सुरुवात केली. वकिलांनी त्या आपल्या ग्रंथांच्या समासात चिकटवायच्या. पुढे ती लाल पुठ्ठ्यांची मोठी ग्रंथमाला झाली आणि ‘शेपर्डाइझ करणे’ असे क्रियापदच इंग्रजीत रूढ झाले.

आज हे सारे संगणकावर आले आहे. वकिलांसाठी सशुल्क भांडारे 1970 च्या दशकापासूनच आहेत. कोडचा मजकूर तर आता सरकार स्वतः मोफत देते. ठाण्यातल्या घरात बसूनही तो वाचता येतो.

पण येथेही एक प्रश्न उभा राहिला: कायदा मालकीचा कोणाचा? जॉर्जिया राज्याची अधिकृत संहिता सटीप असते. टिपा एका खासगी कंपनीने राज्यासाठी तयार केलेल्या. सबंध संचाची किंमत 412 डॉलर. एका लोकसेवी संस्थेने ते सारे खंड संगणकावर चढवून लोकांना मोफत खुले केले, तेव्हा राज्याने 2015 साली स्वामित्वहक्कभंगाचा दावा लावला. मजकूर फुकट वाचा, टिपांना पैसे मोजा, असे राज्याचे म्हणणे. 27 एप्रिल 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाचास चार मतांनी राज्याविरुद्ध निकाल दिला. विधिमंडळ आणि न्यायाधीश आपल्या कामाच्या ओघात जे लिहितात, त्यावर कोणाचा स्वामित्वहक्क असू शकत नाही, हे जुने तत्त्व सरन्यायाधीश रॉबर्ट्‌स ह्यांनी पुन्हा सांगितले. त्यामागची अडचण अगदी साधी होती. न्यायालयाने कधीच रद्द ठरवलेले कलम टिपेविना वाचणाऱ्या गरिबाला ते चालूच आहे असे वाटणार, आणि पैसे मोजणाऱ्याला मात्र खरे काय ते कळणार!

तर ह्या दिवाळीत वह्यांना हळदकुंकू वाहताना अमेरिकेच्या ह्या दोन वह्या आठवाव्यात. व्यापाऱ्याची खतावणी चुकली तर चार पैशांचा घोळ होतो, आणि तो पुढल्या पाडव्याआधी सापडतो. कायद्याची खतावणी चुकली, तर टेक्ससच्या तेलवाल्यावर नसलेल्या गुन्ह्याचा आरोप येतो, डेट्रॉइटच्या कैद्याला नसलेला हक्क असल्याचे वाटते आणि 1871 साली दिलेले सोळा शब्द 2023 साली सापडतात. ह्या तिन्ही वेळी चूक सापडली ती कोणी तरी चकचकीत छापलेल्या पानावर विश्वास न ठेवता उठून मूळ कागद काढला म्हणून. भाडेकरार असो, गृहनिर्माण संस्थेचे पोटनियम असोत की मुलाच्या व्हिसाचे कलम असो, कोणी ‘कायद्यात असेच आहे’ असे ठासून सांगितले, तर त्याला अगदी नम्रपणे विचारावे: ‘कोठे आहे, ते दाखवता का?’